केआय-६७ चार टक्के आणि तरीही श्रेणी ४ : मेंदूच्या एका गाठीचे प्रकरण

मेंदूच्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात आला की नातेवाइकांची नजर आधी त्यातल्या टक्केवारीवर जाते. बाकीच्या ओळी अनोळखी अक्षरांच्या असतात. आकडा मात्र आपल्याला कळतो असे वाटते. केआय-६७ (किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत हे दाखवणारे प्रथिन) या नावापुढे ‘४ टक्के’ दिसले की जीव भांड्यात पडतो. पुढे मांडलेल्या प्रकरणात तसेच झाले, आणि नंतर त्याच ऊतीच्या तुकड्यातून श्रेणी ४ चे, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीचे, निदान बाहेर आले. आकडा चुकला नव्हता आणि निदानही चुकले नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, हे नीट उलगडून सांगावे म्हणून हे लिहितो आहे.

रुग्णाबद्दल आधीच स्पष्ट करतो. ही कोणी एक खरी व्यक्ती नाही. पॅथॉलॉजीच्या कामात वारंवार भेटणारी परिस्थिती एका रुग्णात बसवून, शिकवण्यासाठी हे प्रकरण बांधले आहे. जीवशास्त्र, वर्गीकरणाचे नियम, उपचारांच्या मात्रा आणि चाचण्यांचे निष्कर्ष मात्र जसेच्या तसे आहेत.

रुग्ण आणि पहिली चित्रे

४७ वर्षांची स्त्री. काही महिन्यांपासून पोटातून काहीतरी वर चढत असल्यासारखे अधूनमधून वाटायचे, काहीतरी जळल्याचा वास यायचा आणि अर्धा मिनिट शब्द फुटायचे नाहीत. पित्ताचा त्रास समजून औषधे झाली. मग एका रात्री झोपेत मोठी आकडी आली आणि मेंदूचा एमआरआय झाला.

मेंदूच्या उजव्या टेम्पोरल (कानशिलाकडच्या) खंडापासून इन्सुला या आत दडलेल्या भागापर्यंत एक पसरट, पांढुरका भाग टी-२ आणि फ्लेअर या एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमांवर दिसत होता. कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो उजळला नाही, आत मृत ऊतीची पोकळी नव्हती, भोवती सूजही बेताची होती. ‘कमी श्रेणीचा ग्लायोमा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या ग्लायल पेशींची गाठ) असावा’ असा रेडिओलॉजीचा अभिप्राय आला. या चित्रांवर तो वाजवीच होता.

तरी एक गोष्ट तेव्हाही खटकायला हवी. आयडीएच जनुकात बदल झालेल्या ॲस्ट्रोसायटोमात (ग्लायोमाचा एक प्रकार) कधीकधी एक खास खूण दिसते: गाठ टी-२ वर एकसारखी पांढरी असते, पण फ्लेअरवर तिची कड पांढरी राहून आतला भाग काळवंडतो. ही खूण असली तर निदानाबद्दल बरीच खात्री देता येते. इथे ती नव्हती. ती नसल्याने काहीच सिद्ध होत नाही, पण पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसात, टेम्पोरल आणि इन्सुला भागात, ही खूण नसलेली आणि न उजळणारी गाठ दिसली तर ‘कमी श्रेणी’ हे शब्द जपून वापरावेत.

शस्त्रक्रियेत टेम्पोरल भागातली गाठ काढता आली. इन्सुलामधला काही भाग मात्र ठेवावा लागला, कारण तिथून मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या जातात आणि त्यांना धक्का लागला तर अर्धे अंग लुळे पडू शकते.

काचपट्टीवर

नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात ऊती पाहिली तेव्हा मेंदूच्या धाग्यांमध्ये विखुरलेल्या, जरा मोठ्या, वाकड्यातिकड्या केंद्रकांच्या पेशी दिसल्या. गर्दी मध्यम होती. पेशीविभाजन शोधूनही जेमतेम सापडले. श्रेणी ४ च्या गाठीत ज्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तराची बेसुमार वाढ आणि ऊतीचा मृत्यू, त्यांपैकी एकही नव्हती. केवळ या चित्रावर श्रेणी ठरवायची असती तर ती २ ठरली असती. २०१६ पूर्वी, म्हणजे वर्गीकरणात जनुकीय खुणा येण्याआधी, रिपोर्ट तिथेच संपला असता.

पुढची पायरी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची. पॅराफिन ब्लॉकमधून काही मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, प्रत्येकावर एका ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड सोडायचे, आणि जिथे ते चिकटले तिथे तपकिरी रंग उमटवायचा. या रुग्णात असे दिसले: जीएफएपी आणि ऑलिग२ दोन्ही तपकिरी, म्हणजे पेशी ग्लायल वंशाच्या. आयडीएच१ आर१३२एच कोरा, म्हणजे रंग उमटला नाही. एटीआरएक्स शाबूत. पी५३ इकडेतिकडे फिकट. बीआरएएफ व्ही६००ई कोरा. केआय-६७ सुमारे ४ टक्के.

या यादीतले प्रत्येक नाव वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि त्यांपैकी बहुतेक प्रश्न ‘गाठ किती वाईट?’ हा नसतोच. प्रश्न असतो ‘ही गाठ कोणती?’. ग्लायोमामध्ये गांभीर्य मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून ठरते. या प्रकरणातून मला सांगायचे आहे ते हेच.

आयडीएच कोरा आला, म्हणजे काय झाले?

२००८ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या (सर्वांत आक्रमक ग्लायोमाच्या) जनुकांचे मोठ्या प्रमाणावर वाचन झाले तेव्हा काही रुग्णांत, विशेषतः तरुणांत, आयडीएच१ जनुकात एकाच जागी बदल सापडला. पुढच्या वर्षी कळले की बदललेले एन्झाइम नेहमीचे काम सोडून २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा रेणू तयार करते. हा रेणू साठत गेला की डीएनए आणि तो ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे मिथाइल गट काढणारी एन्झाइम्स अडतात, आणि पेशीच्या जनुकांची चालूबंद होण्याची सगळी मांडणी बदलते. अशा गाठी कॅन्सरच असतात, वाढतातही, पण त्यांची चाल आयडीएच न बदललेल्या गाठींपेक्षा पुष्कळ संथ असते. श्रेणी २ चा आयडीएच बदललेला ॲस्ट्रोसायटोमा असलेली माणसे दहा वर्षे आणि त्याहून जास्तही जगतात. आयडीएच न बदललेल्या ग्लायोब्लास्टोमात हिशोब महिन्यांत होतो.

आर१३२एच म्हणजे १३२ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. ग्लायोमातले आयडीएचचे सुमारे ९० टक्के बदल याच प्रकारचे असतात, आणि बदललेल्या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड उपलब्ध आहे. निरोगी मेंदूत घुसलेली एकटीदुकटी गाठीची पेशीसुद्धा ते दाखवते. पॅथॉलॉजीच्या कामात इतका स्वच्छ डाग क्वचितच मिळतो, आणि तो पॉझिटिव्ह आला की प्रश्नच मिटतो.

निगेटिव्ह आला की मात्र दोन शक्यता उरतात. एक, आयडीएच खरोखरच बदललेला नाही. दुसरी, बदल आहे पण आर१३२सी किंवा आर१३२जीसारखा वेगळा आहे, किंवा आयडीएच२ जनुकात आहे. हे प्रतिपिंड त्यांना ओळखतच नाही. म्हणून रुग्ण ५५ वर्षांहून लहान असेल तर कोऱ्या डागावर न थांबता आयडीएच१ आणि आयडीएच२ यांचे जनुकवाचन करावे असा नियम आहे. ५५ च्या पुढच्या वयात, सूक्ष्मदर्शकाखाली नमुनेदार ग्लायोब्लास्टोमा असेल, एटीआरएक्स शाबूत असेल आणि आधी कमी श्रेणीचा ग्लायोमा झालेला नसेल, तर वाचन टाळता येते, कारण त्या वयात वेगळे बदल फारच विरळ. आपली रुग्ण ४७ ची आणि तिची ऊती नमुनेदार मुळीच नाही. दोन्ही कारणांनी वाचन हवेच.

एटीआरएक्सचा डाग अनेकांना उलटा वाटतो. इथे रंग नसणे ही बातमी असते. जनुक बिघडले की प्रथिन केंद्रकातून नाहीसे होते, म्हणून गाठीच्या पेशी निळ्या राहतात आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी तपकिरी दिसतात. रक्तवाहिन्याही निळ्या असतील तर तपासणीच फसली असे समजून ती पुन्हा करायची. आयडीएच बदललेल्या ॲस्ट्रोसायटोमात एटीआरएक्स सहसा हरवलेले असते. या रुग्णात गाठीच्या पेशी आणि रक्तवाहिन्या, दोन्ही व्यवस्थित तपकिरी होत्या.

हा धागा पुढे कामी आला. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, थोडी झिजतात. गाठीला अमर्याद वाढायचे तर ती झीज भरून काढण्याची सोय हवी. एक वाट एटीआरएक्स गमावून मिळते. दुसरी वाट म्हणजे प्रौढ पेशींत झोपलेले, ही टोके पुन्हा भरणारे टेलोमरेज एन्झाइम पुन्हा जागे करणे, आणि ते टर्ट जनुकाच्या प्रोमोटरमधल्या (जनुक चालूबंद करणाऱ्या भागातल्या) एका छोट्या बदलाने साधते. बहुतेक गाठी दोन्हीपैकी एकच वाट धरतात. इथे एटीआरएक्स शाबूत होते, म्हणून दुसऱ्या वाटेचा संशय बळावला. टर्ट प्रथिनासाठी रोजच्या कामात भरवसा ठेवावा असा डाग नाही. इथे डीएनएकडेच जावे लागते.

चार टक्क्यांचे वजन

वाचनाचा निकाल येण्याआधी अंतरिम रिपोर्ट घरच्यांच्या हाती पडला होता. रुग्णाचा धाकटा भाऊ भेटायला आला. “डॉक्टर, ताईच्या रिपोर्टमध्ये चारच टक्के लिहिलंय. मी बघितलं, वीस-तीस टक्के असलं की वाईट असतं. म्हणजे आपलं कमीच आहे ना?”

हा प्रश्न भाबडा नाही. केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात असलेल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असते आणि विश्रांतीच्या अवस्थेतल्या पेशीत नसते. १९८३ मध्ये ते पहिल्यांदा वर्णिले गेले आणि तेव्हापासून ‘गाठ किती वेगाने वाढते’ याचे माप म्हणून स्तनाच्या कॅन्सरपासून लिम्फोमापर्यंत सगळीकडे वापरले जाते. मोठ्या गटांची सरासरी पाहिली तर ग्लायोमातही श्रेणी वाढते तसे केआय-६७ वाढते. भावाने वाचले ते खरेच होते.

पण गटाची सरासरी आणि समोरचा एक रुग्ण यांत बरेच अंतर असते. श्रेणी २ आणि श्रेणी ३ यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणूनच पसरणाऱ्या ग्लायोमांची श्रेणी ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात केआय-६७ ची कोणतीही सीमारेषा दिलेली नाही. त्याची कारणे काचपट्टीवरच दिसतात. गाठ मेंदूत विखुरलेली असली की मोजणीत निरोगी न्यूरॉन आणि ग्लायल पेशीही येतात, भाजक फुगतो आणि टक्का खाली येतो. गाठीच्या एका कोपऱ्यात दहा टक्के आणि दुसऱ्यात दोन टक्के असू शकतात. सर्वांत दाट जागा मोजायची की सरासरी काढायची, यावर प्रयोगशाळांचे एकमत नसते. ऊती फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला तर रंग फिका येतो. चारच्या जागी दुसऱ्या कोणी सात लिहिले असते तर मला नवल वाटले नसते.

याहून मोठे कारण वेगळे आहे. केआय-६७ त्या क्षणी, त्या तुकड्यात किती पेशी विभाजनाच्या चक्रात होत्या एवढेच सांगते. पळणाऱ्या माणसाने श्वास घ्यायला थांबल्यावर काढलेला फोटो जसा, तसा हा आकडा. ती पेशी पुढे काय करू शकते ते तिच्या जनुकांत लिहिलेले असते, आणि ते वाचायला वेगळे साधन लागते.

भावाला तेव्हा एवढेच सांगितले: “आकडा कमी आहे हे बरोबर. पण या गाठीचं नाव अजून ठरलेलं नाही, आणि नाव ठरल्याशिवाय या आकड्यावर मी तुम्हाला भरवसा देऊ शकत नाही. तुम्हीही इतक्यात ठेवू नका.” असे बोलणे सोपे नसते, कारण समोरच्याने नुकताच सुटकेचा श्वास टाकलेला असतो. पण या टप्प्यावर दिलेला धीर पुढे परत घ्यावा लागला तर त्या माणसाचा पुढच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास जातो.

निकाल

आयडीएच१ आणि आयडीएच२ दोन्ही जनुके मूळ स्वरूपात. टर्ट प्रोमोटरमध्ये सी२२८टी बदल. सातव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आणि दहाव्याची एक प्रत गायब. ईजीएफआर (पेशीला वाढीचे संदेश देणाऱ्या प्रथिनाचे जनुक) याची बहुगुणी वाढ, म्हणजे पुष्कळ जादा प्रती, नाही. एमजीएमटी जनुकाचा प्रोमोटर मिथाइलयुक्त, म्हणजे मिथाइल गट चिकटून दबलेला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या २०२१ च्या पाचव्या आवृत्तीनुसार, प्रौढ व्यक्तीच्या पसरणाऱ्या ॲस्ट्रोसायटिक ग्लायोमात आयडीएच आणि हिस्टोन एच३ बदललेले नसतील, आणि टर्ट प्रोमोटरचा बदल, ईजीएफआरची बहुगुणी वाढ, किंवा सात जास्त-दहा कमी या तिघांपैकी एक जरी सापडले, तरी ती गाठ ग्लायोब्लास्टोमा, श्रेणी ४. सूक्ष्मदर्शकाखाली ती कितीही सौम्य दिसो. या नियमाची पायाभरणी तज्ज्ञांच्या एका गटाने २०१८ मध्ये केली होती, कारण अशा ‘सौम्य दिसणाऱ्या’ गाठींचे रुग्ण पुढे ग्लायोब्लास्टोमाच्याच वाटेने जाताना दिसले होते. आपल्या रुग्णात तिघांपैकी दोन खुणा होत्या.

इथे ईजीएफआरबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण प्रथिनाचा डाग आणि जनुकाची तपासणी यांत गोंधळ होण्याची ही ठरलेली जागा आहे. या रुग्णात ईजीएफआर प्रथिनाचा डाग बऱ्यापैकी गडद आला होता. त्यावरून ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह, म्हणून श्रेणी ४’ असे कोणी लिहिले असते तर निष्कर्ष योगायोगाने बरोबर ठरला असता, पण वाट चुकीची असती. प्रथिन वाढायला जनुकाच्या शेकडो प्रती असाव्या लागतात असे नाही. ईजीएफआर सातव्या गुणसूत्रावरच असते, तेव्हा एक जादा गुणसूत्र असले तरी प्रथिन थोडे वाढू शकते. नियमात मोजली जाते ती जनुकाची बहुगुणी वाढ, डागाचा गडदपणा नाही.

टर्टचेही तसेच. टर्ट प्रोमोटरचा बदल ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या ग्लायोमाच्या दुसऱ्या प्रकारातही जवळजवळ नेहमी असतो, आणि ती तर प्रौढांच्या पसरणाऱ्या ग्लायोमांमधली सर्वांत संथ चालीची, उपचारांना चांगली दाद देणारी गाठ. आयडीएच बदललेला आणि पहिल्या व एकोणिसाव्या गुणसूत्रांचे १पी-१९क्यू तुकडे गेलेले असतील तेव्हा टर्टचा बदल घाबरवत नाही. आयडीएच मूळ स्वरूपात असेल तेव्हा तोच बदल ग्लायोब्लास्टोमाकडे नेतो. कोणतीही खूण एकटी वाचायची नाही हे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते याच उदाहरणावरून.

नियमाला काही कंगोरे आहेत, तेही सांगतो. डोळ्यांना सौम्य दिसणारी गाठ आणि एकट्या टर्ट बदलाचा आधार, एवढेच असेल तर काही रुग्ण नेहमीच्या ग्लायोब्लास्टोमापेक्षा जास्त जगतात असे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. माझ्या मते अशा वेळी निदान नियमाप्रमाणेच लिहावे, पण आधार एकाच खुणेचा आहे हे रिपोर्टमध्ये स्पष्ट म्हणावे. या रुग्णात सात-दहाची जोडखूणही असल्याने तो संदेह उरला नाही.

उपचारावर झालेला परिणाम

निदान श्रेणी २, आयडीएच बदललेला ॲस्ट्रोसायटोमा असे निघाले असते तर शस्त्रक्रियेनंतर ठरावीक अंतराने एमआरआय करत थांबता आले असते. आता वोरासिडेनिबही आहे, बदललेल्या आयडीएच एन्झाइमलाच अडवणारी गोळी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रेणी २ च्या रुग्णांत गाठ वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांनी ओलांडलेला) तिने ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर नेला. पण आयडीएच मूळ स्वरूपात असेल तर या गोळीला अडवायला काहीच नसते.

आपल्या रुग्णाला थांबायची मुभा नव्हती. ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) किरणोपचार ३० भागांत, त्यासोबत रोज शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर ७५ मिलिग्रॅम टेमोझोलोमाइड हे कॅन्सरविरोधी औषध, आणि नंतर दर २८ दिवसांतले ५ दिवस प्रति चौरस मीटर १५० ते २०० मिलिग्रॅम अशी सहा आवर्तने. हा क्रम २००५ च्या चाचणीतून रूढ झाला. तिच्यात मध्यक आयुर्मान १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेले होते. त्याच वर्षी एमजीएमटीचे महत्त्व पुढे आले. हे प्रथिन टेमोझोलोमाइडने डीएनएवर केलेली इजा दुरुस्त करते. त्याचा प्रोमोटर मिथाइलयुक्त असेल तर दुरुस्ती मंदावते आणि औषध चालते. अशा रुग्णांत किरणोपचार आणि औषध मिळून मध्यक आयुर्मान २१.७ महिने होते.

एमजीएमटी हे प्रथिनच आहे, तर त्याचा डाग पाहून भागत नाही का, असे निवासी डॉक्टर हमखास विचारतात. भागत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या, लिम्फोसाइट आणि मायक्रोग्लिया यांच्यातही हे प्रथिन असते; डाग कोणाचा ते सांगणे अवघड जाते आणि मिथिलेशनशी त्याचा मेळ नीट बसत नाही. इथे प्रोमोटरचीच तपासणी हवी.

निदान सांगताना भाऊ आणि नवरा दोघे होते. भावाने विचारले, “मग ते चार टक्के खोटं होतं का?” नाही, खोटे नव्हते. गाठ तिच्या सुरुवातीच्या टप्प्यात हाती लागली, अजून दाट झाली नाही, आत मृत भाग तयार झाला नाही, या चित्राशी तो आकडा जुळतो. उपचार आताच सुरू करण्याचे ते एक कारणही आहे. पण त्या आकड्याने गाठीचे नाव बदलत नाही.

रिपोर्ट कसा लिहिला

अंतिम रिपोर्ट थरांनी लिहिला. सर्वांत वर एकत्रित निदान: ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच-मूळ, श्रेणी ४. खाली ऊतीचे वर्णन, आणि तिथे स्पष्ट ओळ: ‘रक्तवाहिन्यांची वाढ व ऊतिमृत्यू आढळला नाही, श्रेणी रेण्वीय खुणांवर आधारित.’ मग त्या खुणा, आणि प्रत्येकीपुढे ती प्रथिनाच्या डागावरून कळली की डीएनएवरून. केआय-६७ शेवटी, सोबत टीप: ‘विखुरलेल्या भागातील मोजणी, श्रेणी ठरवण्यासाठी वापरलेली नाही.’ ही टीप डॉक्टरांसाठी जितकी, तितकीच घरी रिपोर्ट उघडून बसलेल्या भावासाठी.

जिथे जनुकवाचनाची सोय नाही तिथेही प्रामाणिक रिपोर्ट देता येतो. ‘पसरणारा ॲस्ट्रोसायटिक ग्लायोमा, आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह, एनओएस’ असे लिहायचे. एनओएसचा अर्थ पुढची तपासणी झालेली नाही. अशा वेळी ‘ॲस्ट्रोसायटोमा श्रेणी २’ लिहून मोकळे होणे मला मान्य नाही, कारण तो शब्द वाचून कोणीतरी सहा महिने थांबेल.

शल्यचिकित्सकांना एक विनंती. संशय कमी श्रेणीचा असला तरी ऊती पुरेशी पाठवा, आणि चित्रांवर जो भाग सर्वांत वेगळा वाटला तो स्वतंत्र डबीत, नाव घालून पाठवा. आम्हीही पहिल्याच दिवशी डझनभर डागांवर ब्लॉक संपवू नये. आयडीएच, एटीआरएक्स, पी५३ आणि केआय-६७ आधी, आणि उरलेली ऊती डीएनएसाठी राखून. या रुग्णात दोन ब्लॉक शिल्लक राहिले म्हणूनच सात-दहाची तपासणी होऊ शकली.